माँतायू

फ्रान्सच्या आर्येझ विभागातील एक छोटे डोंगरी खेडे व त्याच नावाचे ग्रामीण कम्यून. पिरेनीज पर्वताच्या उत्तर बाजूस, समुद्रसपाटीपासून सु. १,३०० मी. उंचीवर, ॲक्स-ले-तेर्म या उष्ण झऱ्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या गावाच्या ईशान्येस ते वसले आहे. येथील कायम वस्ती पन्नासाहूनही कमी आहे. कारखाना, मोठी बाजारपेठ वा भव्य वास्तू यांपैकी येथे काहीच नाही. तरीही मध्ययुगीन यूरोपातील शेतकरी समाजाचा अभ्यास करणाऱ्यास हे नाव टाळता येत नाही. पामिएचा बिशप झाक फूर्न्ये याने १३१८ ते १३२५ या काळात पाखंडाच्या आरोपावरून येथील रहिवाशांच्या सविस्तर जबान्या घेतल्या व त्या लिहून ठेवल्या गेल्या, हे या प्रसिद्धीचे कारण होय. ज्या न्यायपीठाने या गावातील धर्मपंथाचे निर्मूलन केले, त्याच न्यायपीठाच्या दप्तरात गावाचे बोलणे टिकून राहिले. माँतायूच्या वारशाचे खरे स्वरूप ही विसंगती ध्यानात घेतल्याशिवाय समजत नाही.

भूवर्णन : गावाच्या परिसरास आयों अथवा आलियों या जुन्या नावाने ओळखतात. शेजारचे प्राद हे खेडे याच पठारी मुलखात येते. दक्षिणेस व पश्चिमेस उंच कडे आणि अरण्ये असून ॲक्सकडे जाणारी वाट शिउला खिंडीतून जाते. या खिंडीच्या परिसरात उगम पावणारी एर्स नदी प्रादजवळून या पठारावर येते आणि पुढे खोल घळईतून उत्तरेकडे वाहते. त्याच दिशेस, डोंगरांपलीकडे, माँसेग्यूरचा इतिहासप्रसिद्ध दुर्ग आहे. हिवाळा दीर्घ व बर्फाळ, उन्हाळा अल्पकाळ टिकणारा, असे येथील हवामान आहे. द्राक्षवेल व ऑलिव्ह ही दक्षिण फ्रान्सची दोन्ही वैशिष्ट्यपूर्ण पिके या उंचीवर येत नाहीत.

या भूरचनेचा गावाच्या अर्थजीवनावर खोल परिणाम झाला. चौदाव्या शतकाच्या आरंभी येथील शेतकरी गहू, ओट, सलगम, ताग आणि अळशी ही पिके घेत. गावात गिरणी नव्हती. धान्य खेचरावर लादून ॲक्सला नेऊन दळून आणावे लागे. दारूही खालच्या खोऱ्यातून खेचरांच्या पाठीवरून येई. गाडीरस्ता नसल्याने सर्व दळणवळण पायी वा जनावरांच्या साहाय्याने चाले. जमीन बेताची असल्यामुळे मेंढपाळी हा शेतीच्या बरोबरीचा व्यवसाय होता. उन्हाळ्यात पर्वतातील उंच कुरणे व हिवाळ्यात दक्षिणेकडील कॅटालोनियाचा सखल प्रदेश, असे कळपांचे वार्षिक स्थलांतर चाले. बाहेरून पाहणाऱ्यास एकाकी भासणारे हे खेडे या मार्गाने पर्वतापलीकडील जगाशी जोडलेले होते. माणसांबरोबर बातम्या आणि निषिद्ध मतेही याच वाटांनी ये-जा करीत. मोक्याच्या वेळी पळून जाण्याची वाटही हीच होती.

जुने गाव एका टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेले होते. माथ्यावर सरंजामदाराची गढी, तिच्याखाली घरांच्या ओळी आणि वस्तीच्या खालच्या अंगास नोत्र-दाम-द-कार्नेस हे रोमनेस्क शैलीचे चर्च, अशी त्याची रचना होती. पुढील शतकांत वस्ती हळूहळू उतारावरून खाली सरकली. गढीचे आता भग्नावशेष उरले आहेत. चर्च मात्र उभे आहे.

राजकीय पार्श्वभूमी : तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून माँतायू फ्वाच्या काउंटांच्या सत्तेखाली होते. गावात त्यांचे दोन प्रतिनिधी असत. गढीचा किल्लेदार लष्करी सत्ता सांभाळी, तर ‘बेल’ हा अधिकारी सारावसुली व स्थानिक न्याय यांची व्यवस्था पाही. धार्मिक बाबतींत हा मुलूख पामिएच्या बिशपच्या अधिकारात येई. काउंटाचा सारा व चर्चचा दशांश कर असे दुहेरी ओझे शेतकऱ्यांवर होते. त्यांपैकी दशांश कराबद्दल, विशेषतः कोकरांवरील आकारणीबद्दल, डोंगरी लोकांच्या मनात तीव्र रोष होता. पाखंडी उपदेशकांना येथे आश्रय मिळण्यामागे धर्मश्रद्धेबरोबर हा आर्थिक असंतोषही होता, असे जबान्यांवरून दिसते.

फ्वाचा प्रदेश १६०७ मध्ये फ्रेंच राजसत्तेत विलीन झाला. राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये आर्येझ विभाग निर्माण झाला. त्याच सुमारास जुन्या धर्मग्रामांच्या जागी कम्यून हा स्थानिक स्वराज्याचा सर्वांत लहान घटक देशभर अस्तित्वात आला. महापौर व निर्वाचित मंडळ हे त्याचे प्रमुख अंग होय. लोकसंख्या कितीही अल्प असली, तरी कम्यूनला ही व्यवस्था लागू असते. माँतायूसारखे अगदी लहान खेडे आपले स्वतंत्र प्रशासकीय अस्तित्व राखू शकले, ते यामुळेच.

कॅथार पंथ : बाराव्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये कॅथार अथवा आल्बिजेन्सी या नावांनी ओळखला जाणारा ख्रिस्ती पंथ रुजला. आत्म्याचे जग सत्तत्त्वाने आणि जड सृष्टी असत्तत्त्वाने निर्माण केली, अशी त्याची द्वैतवादी शिकवण होती. मुक्ती न मिळालेला आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो, असेही हे लोक मानीत. पंथाचे व्रतस्थ धर्मगुरू मांस, अंडी, दूध व स्त्रीसंग वर्ज्य करीत आणि शपथ घेणे पाप समजत. सामान्य अनुयायांवर हे निर्बंध नसत. अंतकाळी व्रतस्थाच्या हातून ‘कोन्सोलामेन’ हा संस्कार लाभला म्हणजे आत्म्याचा उद्धार झाला, अशी त्यांची श्रद्धा होती.

रोमन चर्चच्या प्रेरणेने १२०९ ते १२२९ या काळात या पंथाविरुद्ध धर्मयुद्ध लढले गेले. मार्च १२४४ मध्ये माँसेग्यूरचा दुर्ग पडला व तेथील दोनशेहून अधिक व्रतस्थांना जिवंत जाळण्यात आले. त्यानंतर पंथाची संघटना मोडली. तथापि तेराव्या शतकाच्या अखेरीस ॲक्सचा नोटरी प्येर ओत्ये व त्याचा भाऊ गियोम हे लाँबर्डीत जाऊन व्रतस्थ बनले आणि १३०० च्या सुमारास परत येऊन वरच्या आर्येझ खोऱ्यात, साबार्तेस या मुलखात, गुप्तपणे प्रचार करू लागले. माँतायूतील बहुतेक प्रमुख घरांनी त्यांना आश्रय दिला. प्येर ओत्ये याला १३१० मध्ये तूलूझ येथे जाळण्यात आले.

गावातील समाजजीवन : त्या वेळी गावाची लोकसंख्या सु. २५० होती. समाजाचा पायाभूत घटक व्यक्ती नसून घर होता. ऑक्सितान भाषेत त्यास ‘ओस्ताल’ म्हणत. वास्तू, कुटुंब, शेतजमीन, पशुधन व लौकिक या सर्वांचा अर्थ त्या एका शब्दात सामावलेला असे. घराच्या मध्यभागी चुलीची खोली असे. शेजारी निजण्याच्या खोल्या आणि त्याच छपराखाली गुरे-मेंढ्या असत. मुलीच्या विवाहात द्यावा लागणारा हुंडा म्हणजे घराची झीज, अशी भावना होती. कुटुंबप्रमुख मृत्यू पावला असता त्याचे काही केस व नखे कापून घरात जपून ठेवीत. तसे केल्याने घराचे दैव मृतासोबत निघून जात नाही, असा समज होता. पाखंडही घराघरांतून पसरले. एखादे घर ‘सज्जनां’चे म्हणजे व्रतस्थांचे अनुयायी बनले की, घरातील बहुतेक माणसे त्या मार्गाने जात.

गावात क्लेर्ग घराण्याचे वर्चस्व होते. प्येर क्लेर्ग हा गावचा धर्मगुरू आणि त्याचा भाऊ बेर्नार हा बेल. धर्मसत्ता व राजसत्ता अशा रीतीने एकाच घरात एकवटल्या होत्या. प्येर रविवारी चर्चमध्ये कॅथलिक विधी करी आणि मनाने व्रतस्थांचा पक्षपाती होता. त्याचे अनेक स्त्रियांशी संबंध होते. त्यांत किल्लेदाराची विधवा बेआत्रीस द प्लानिसोल हिचा समावेश होतो. पुढे तिने दिलेल्या जबानीतून त्या काळच्या कनिष्ठ सरदारवर्गातील स्त्रीचे भावजीवन, तिची भीती आणि तिचे धार्मिक संशय यांचे दुर्मिळ दर्शन घडते.

याच्या अगदी उलट जीवन प्येर मोरी या मेंढपाळाचे होते. त्याने स्थिर संसार थाटला नाही व घर बांधले नाही. कळपांसमवेत तो पिरेनीजच्या दोन्ही अंगांना भटकत राहिला. संपत्तीविषयीची अनासक्ती, मित्रांविषयीचा जिव्हाळा आणि दैवाला शांतपणे सामोरे जाण्याची वृत्ती त्याच्या जबानीत ठायीठायी आढळते. जबान्यांत नित्याचे तपशीलही विपुल आहेत. उंबऱ्यावर उन्हात बसून एकमेकींच्या उवा मारीत बोलणाऱ्या स्त्रिया, चुलीपाशी रात्री रंगणाऱ्या धर्मचर्चा आणि सणवारांवरून केली जाणारी कालगणना ही त्यांपैकी काही उदाहरणे होत. लिहितावाचता येणारी माणसे गावात मोजकीच होती. सर्व ज्ञान कर्णोपकर्णी पसरत असे. ज्या समाजाने स्वतः एक ओळही लिहून ठेवली नाही, त्याच्याविषयी एवढी माहिती उपलब्ध असणे ही असामान्य गोष्ट होय.

१३०८ ची धरपकड : पाखंडाचा शोध घेण्यासाठी तेराव्या शतकात इन्क्विझिशन हे धर्मन्यायपीठ स्थापन झाले होते. त्याच्या कार्कासॉन येथील शाखेचा प्रमुख जोफ्र्वा दाब्ली याने १३०८ मध्ये माँतायूतील सर्व जाणत्या स्त्री-पुरुषांना एकाच वेळी पकडण्याची आज्ञा दिली. काहींना दीर्घकाळ कैदेत ठेवण्यात आले. काही पिरेनीज ओलांडून कॅटालोनिया व व्हॅलेन्सिया येथे पळाले आणि साँ मातेऊ, मोरेल्ला या गावांत त्यांनी निर्वासितांची लहानशी वसाहत केली. गियोम बेलिबास्त हा लांग्दॉकच्या कॅथार पंथाचा ज्ञात असलेला अखेरचा व्रतस्थ त्यांच्यासोबत होता. एका हेराने विश्वास संपादन करून त्याला सरहद्दीकडे आणले. १३२१ मध्ये तो पकडला गेला व व्हीलरूझ-तेर्मेनेस येथे जाळला गेला.

या धरपकडीने गावातील परस्परविश्वास संपला. प्येर क्लेर्ग याने न्यायपीठाशी संधान बांधले व त्या सत्तेचा उपयोग विरोधी घरांना चिरडण्यासाठी केला. क्लेर्ग घराण्याशी वैर धरणाऱ्या मोर्स कुटुंबातील मांगार्द मोर्स हिची जीभ छाटण्यात आली. खोटी साक्ष दिल्याचा तिच्यावर ठपका होता. आपण पाखंडी असताना पाखंडाच्या नावाखाली शेजाऱ्यांना शासन करविणारा हा धर्मगुरू अनेक वर्षे सुरक्षित राहिला.

फूर्न्येची चौकशी : झाक फूर्न्ये हा फ्वा प्रदेशातील साव्हेर्दूं येथे सामान्य कुटुंबात जन्मला. सिस्टर्शियन पंथात दीक्षा घेऊन तो १३११ मध्ये फाँफ्र्वाद मठाचा प्रमुख व १३१७ मध्ये पामिएचा बिशप झाला. आरोपींची ऑक्सितान बोली हीच त्याची मातृभाषा होती. व्हिएन येथील धर्मपरिषदेनंतर पाखंडाच्या चौकशीत बिशपांचा सहभाग वाढला होता. त्या अधिकारात त्याने डोमिनिकन प्रतिनिधीच्या साहाय्याने आपले न्यायपीठ चालविले. ३७० दिवसांच्या कामकाजात ५७८ जबान्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी ४१८ आरोपींच्या व १६० साक्षीदारांच्या होत्या. एकूण ९८ प्रकरणांत ११४ व्यक्ती गुंतलेल्या असून त्यांत ४८ स्त्रिया होत्या. एकट्या माँतायूतील २५ जणांचा या दप्तराशी संबंध आला.

फूर्न्ये शारीरिक छळाचा अवलंब क्वचितच करी. त्याचे साधन होते चिकाटी. एकाच आरोपीला तो पुनःपुन्हा बोलावी, जबान्यांतील विसंगती हेरी आणि मध्यंतरी त्यास तुरुंगात ठेवी. धर्मबहिष्काराची व कैदेची भीती सतत असे. आरोपीने सत्य सांगण्याची शपथ घ्यावी लागे. शपथ नाकारणे हाच पाखंडाचा पुरावा मानला जाई. सौम्य शिक्षेत कपड्यांवर पिवळे क्रूस शिवून वावरावे लागे. त्यामुळे दोषी व्यक्ती गावात ओळखू येई व तिची नित्य अवहेलना होई. त्याच्या न्यायपीठाने पाच जणांना जाळण्याची शिक्षा फर्मावली. त्यांपैकी चौघे पामिए येथे पकडलेले वॉल्डेन्सी पंथीय होते व पाचवा माँतायूचा गियोम फोर हा होता.

बेआत्रीसला मार्च १३२१ मध्ये कैदेची शिक्षा झाली. जुलै १३२२ मध्ये पिवळे क्रूस धारण करण्याच्या अटीवर ती सुटली. प्येर क्लेर्गला १३२० मध्ये अटक झाली. तो तुरुंगातच मरण पावला. बेर्नारचा शेवटही कैदेत झाला. प्येर मोरी यास ऑगस्ट १३२४ मध्ये कारावासाची शिक्षा झाली व त्यानंतर इतिहासातून तो नाहीसा होतो. गावातील कॅथार पंथ संपुष्टात आला. १३४८ नंतरच्या प्लेगच्या साथींनी वस्तीची आणखी हानी केली आणि शतकाच्या अखेरीस गावात सु. १०० माणसे उरली होती.

दप्तराचा प्रवास : जबानी ऑक्सितान बोलीत होई. लेखनिक ती लॅटिनमध्ये टिपून घेत. मसुदा आरोपीस त्याच्या बोलीत वाचून दाखविला जाई व शेवटी सुवाच्य प्रत चर्मपत्रावर उतरविली जाई. फूर्न्ये १३२६ मध्ये मीरप्वाचा बिशप, १३२७ मध्ये कार्डिनल व १३३४ मध्ये बाराव्या बेनेडिक्ट या नावाने पोप झाला. आव्हीन्याँ येथील पोपांच्या भव्य प्रासादाचे बांधकाम त्यानेच सुरू करविले. १३४२ मध्ये तो मरण पावला. पामिएचे हस्तलिखित त्याच्याबरोबर आव्हीन्याँस गेले व कालांतराने रोमला पोहोचले. व्हॅटिकन ग्रंथालयात लॅटिन हस्तलिखित क्र. ४०३० म्हणून ते जतन केलेले आहे. दप्तराचा एक भाग मात्र नष्ट झाला.

झाँ द्यूव्हेर्न्वा याने १९६५ मध्ये तूलूझ येथून या हस्तलिखिताची तीन खंडांत संहिता प्रसिद्ध केली. तिच्या आधारे एमान्युएल ल र्‍वा लाद्यूरी (१९२९–२०२३) या इतिहासकाराचा माँतायूवरील ग्रंथ १९७५ मध्ये प्रकाशित झाला. १२९४ ते १३२४ या तीस वर्षांतील खेड्याचे परिसरविज्ञान, घर, विवाह, बालपण, मृत्यू, काळ व अवकाश यांविषयीच्या कल्पना अशा अंगांनी त्याने गावाचे चित्र उभे केले. १९७८ मध्ये या ग्रंथाचा संक्षिप्त इंग्रजी अनुवाद निघाला. विद्वत्तापूर्ण इतिहासग्रंथास क्वचितच लाभणारी लोकप्रियता त्यास मिळाली व एका लहान जागेच्या सूक्ष्म अभ्यासातून व्यापक इतिहास उलगडण्याच्या पद्धतीस चालना मिळाली.

साधनमूल्याचा प्रश्न : ग्रंथाच्या यशाबरोबरच त्यावर गंभीर आक्षेपही घेतले गेले. नॅटली डेव्हिस या विदुषीने १९७९ मध्ये साक्षीदारांच्या कथनपद्धतीकडे लक्ष वेधले. न्यायाधीशासमोर बोलणारा माणूस प्रसंगांची मांडणी हेतुपूर्वक करतो, हे त्यातून स्पष्ट होते. लेनर्ड बॉइल याने १९८१ मध्ये लॅटिन संहितेच्या वाचनातील चुका दाखविल्या. मानवशास्त्रज्ञ रेनाटो रोसाल्डो याने १९८६ मध्ये अधिक मूलगामी प्रश्न उपस्थित केला. इतिहासकार न्यायाधीशास क्षेत्रकार्य करणाऱ्या मानवशास्त्रज्ञाच्या जागी बसवितो आणि त्यामुळे ज्या सत्तेच्या धाकाने ही माहिती मिळविली गेली ती सत्ता दृष्टिआड होते, असे त्याचे प्रतिपादन आहे.

हे आक्षेप महत्त्वाचे आहेत. जबानी देणारा मोकळा नव्हता. आपल्या एका शब्दाने भाऊ वा शेजारीण तुरुंगात जाईल, हे त्यास ठाऊक होते. त्याचे शब्द परभाषेत उतरले आणि न्यायपीठास आवश्यक वाटले तेवढेच कागदावर आले. तरीही हे साधन टाकाऊ ठरत नाही. पाखंडाच्या प्रश्नाचे उत्तर देताना माणसे अनवधानाने बरेच काही सांगून जातात. कोण कोणत्या बाकावर बसले होते, चुलीवर काय शिजत होते, त्या वर्षी मेंढ्या कोणत्या खिंडीतून नेल्या, असे तपशील लपविण्याचे वा रचण्याचे कारण सहसा नसते. वेगवेगळ्या व्यक्तींच्या जबान्यांत ते परस्परांना पुष्टी देतात. म्हणून जिथे आरोपाचा विषय येतो तिथे अधिक सावधपणे व जिथे नित्याचे जीवन येते तिथे अधिक विश्वासाने हे दप्तर वाचावे लागते. वाचकाने या दोहोंतील भेद सोडला, तर न्यायाधीशाचे मत हेच गावाचे मत ठरण्याचा धोका संभवतो.

आधुनिक काळ : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पिरेनीजमधील डोंगरी खेड्यांतून शहरांकडे मोठे स्थलांतर झाले व माँतायूही त्यास अपवाद नाही. तरुण पिढी कामधंद्यासाठी खाली गेली, शेती आक्रसली आणि अनेक घरांची दारे केवळ उन्हाळ्यात उघडू लागली. क्लेर्गसारखी जबान्यांत आढळणारी आडनावे विसाव्या शतकातही गावात टिकून होती. १९७५ नंतर अभ्यासक व प्रवासी यांची येथे ये-जा वाढली. गढीच्या भिंतींचे अवशेष, जुन्या वस्तीच्या उतारावरील जोत्यांच्या खुणा व कार्नेसचे चर्च एवढेच त्यांना प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

गावाच्या इतिहासातील सर्वांत मोठा ठेवा मात्र गावात नाही. तो रोममध्ये आहे, परभाषेत आहे आणि गावकऱ्यांनी तो स्वेच्छेने दिलेला नाही. प्येर मोरी व बेआत्रीस यांची नावे सात शतकांनंतर ज्ञात आहेत, ती त्यांना शिक्षा झाली म्हणून. जे गावकरी न्यायपीठासमोर कधी आलेच नाहीत, त्यांच्याविषयी या दप्तरात फारसे काही आढळत नाही.